निरोप द्यायचा राहिला

मिनानं दादांच्या, म्हणजे वडलांच्या, कानाशी वाकून "त्याला निरोप दिला" असं म्हटलं, आणि दादांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पडद्यावर तसं काहीच घडलं नव्हतं. चपला शिवणाऱ्या एका माणसाच्या दुकानामागे एक खोली होती, तिथं चार म्हातारे बसले होते. त्यांतला एकजण लांब मानेच्या पाहुण्याला दारापर्यंत सोडायला उठला होता आणि त्याच्या कोटाची कॉलर सारखी करता करता हळू आवाजात काहीतरी बोलला होता. खाली इंग्रजी अक्षरं उमटली होती, त्यांचा अर्थ एवढाच की पुढचा संदेश त्याला सांगून झाला आहे. पण दादांशी बोलताना मिनाच्या तोंडात संदेश हा शब्द येत नसे. त्यांच्या घरात संदेश कधी कुणी पाठवलाच नव्हता. औंढ्याहून, कुरुंद्याहून, वारंगा फाट्यावर एसटीला हात करणाऱ्या कुठल्यातरी ओळखीच्या माणसाकडून यायचे ते निरोपच. म्हणून तिनं निरोप म्हटलं. आणि आई गेली तेव्हा दादांनी ज्या सावकाशपणे टोपी काढली होती, त्याच सावकाशपणे आता काढून ते पुटपुटले, "गेला व्हय बिचारा. चांगला गडी होता."

पडद्यावर तो चांगला गडी कोटाची बटणं लावत जिना उतरत होता. "मेला नाही तो दादा," मिना म्हणाली, "निघालाय फक्त." दादांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पडद्याचा करडा उजेड त्यांच्या चष्म्याच्या काचांवर हलत होता. "मंग निरोप दिला काहून म्हनलीस?" मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसलं. तिला सांगायचं होतं की तो निरोप वेगळा आणि हा वेगळा. पण सांगताना तिच्या लक्षात आलं की वेगळेपणा दाखवायला तिच्यापाशी दुसरा शब्द नाही. पाण्याला आणि वाफेला निदान दोन नावं आहेत.

हिंगोलीला जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या प्रेमदास राठोडांचं म्हणणं असं की जिल्ह्याच्या गावाला कलेक्टर मिळाला, आता फिल्म क्लबही मिळायला पाहिजे. त्यांनी पुण्याहून रिळं मागवली होती, प्रोजेक्टर नांदेडहून आणला होता, आणि हॉलच्या खिडक्यांना त्यांच्या तांड्यावरच्या घोंगड्या लावून रविवारच्या दुपारचा अंधार केला होता. सिनेमा जुना, फ्रेंच, काळापांढरा. आपल्या मुलखातून हाकलले गेलेले काही क्रांतिकारक पॅरिसच्या कडेच्या एका वस्तीत वर्षानुवर्षं राहतात, तिकडे लवकरच उठाव होणार असं एकमेकांना सांगतात, आणि थकतात. "मॅडम, तातेराव काकांना आणाच," प्रेमदास स्टाफरूममध्ये म्हणाले होते. "त्यांचाच पिक्चर हाय समजा. फक्त पैनगंगेच्या जागी दुसरी कोणती नदी असंल." मिनानं दादांना आणलं होतं. पण त्यामागं तिचं कारण वेगळं होतं. पुढच्या सोमवारी तिला नोकरीसाठी पुण्याला निघायचं होतं. एमएस्सीला शिकवणाऱ्या तिच्या बाईंनी भिंगं तपासायच्या एका प्रयोगशाळेत तिच्यासाठी शब्द टाकला होता आणि तिनं फोनवर होकार देऊन टाकला होता. ती भौतिकशास्त्र शिकवत होती त्या कॉलेजात राजीनामाही दिला होता. दादांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. सिनेमा बघून परत जाताना, पोस्टासमोरच्या रस्त्याला लागलं की सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. आधी ठरवलं होतं संक्रांतीनंतर. त्याआधी दिवाळीनंतर. लेकराला डॉक्टरकडे न्यायचं असलं की आधी पेढा देतात, तसा हा सिनेमा होता, आणि हे तिला कळत असल्यामुळे प्रत्येक ओळ भाषांतरित करून सांगताना तिच्या आवाजात एक नको इतका मऊपणा येत होता.

दादांना इंग्रजी येत नव्हतं. निजामाच्या शाळेत ते उर्दू शिकले होते. सिनेमा सुरू होताना ते म्हणाले होते, "खालचं उर्दूत आलं असतं तं मीच तुला वाचून दाखवलं असतं, बराबर." पहिलं रीळ संपेपर्यंत त्यांना तिची फारशी गरज उरली नव्हती. कोण कुणावर चिडलाय, कोण खोटं बोलतोय, कुणाला आता घरी जाऊन झोपायचंय, हे त्यांना चेहऱ्यांवरूनच कळत होतं. खोलीतला जाड म्हातारा मोठ्यानं काही सांगू लागला तेव्हा तिनं वाचायला सुरुवात केली, "तो म्हणतोय, वसंत ऋतूपर्यंत सगळं..." आणि दादांनी हात हलवला. "कळलं. थोडं थांबा म्हनून राहिला. आमच्यातबी होता एक आसाच." मिनाला त्या खोलीकडे बघताना वाटलं की हे आपण आधी पाहिलं आहे. ती टांगलेली पादत्राणं किंवा टेबलावर सांडलेला डिंक नव्हे. पण माणसं बसली होती ती बसण्याची रीत. एका पायावर भार ठेवून, म्हणजे कधीही उठता यावं अशी. दादा आयुष्यभर तसेच बसले. जेवतानाही. आई म्हणायची, पाठ टेका की भिंतीला, भिंत काय रजाकाराची हाय का. लहानपणी मिनाला वाटायचं की सगळ्यांचे वडील असेच बसतात, आणि पुढं एकदा मैत्रिणीच्या घरी तिच्या वडलांना उशीला रेलून पेपर वाचताना पाहिलं तेव्हा ते आजारी असावेत असं तिला वाटलं होतं.

तो लांब मानेचा माणूस आता एका गाडीत बसला होता. पुढं फाटक होतं, त्यापलीकडे त्याचा देश. शिपाई कागद घेऊन आत गेला होता आणि परत येत नव्हता. माणसाच्या मानेवरची शीर उडत होती, तेवढीच पडद्यावर हलत होती. दादांनी मिनाचं मनगट धरलं. आणि एकदम, कुणाला काही कळायच्या आत, मोठ्यानं म्हणाले, "आरं, जाऊ नको! तिकडं काय न्हाई आता!"

हॉल हसला. प्रेमदासही हसले. मिना हसली नाही, कारण ते वाक्य पडद्यावर जाऊन पोचण्याऐवजी वाटेत तिच्यावरच पडलं होतं. यांना कळलंय, असं तिला वाटलं. बेबीबाईंनी सांगितलं असेल; भांडी घासता घासता त्या फोनवरचं सगळं ऐकतात. तिनं दादांकडे पाहिलं. ते पुढं वाकून पडद्याकडेच बघत होते, ओठ जरा उघडे. आणि तेवढ्यात लाईन गेली. प्रोजेक्टरचा आवाज खाली खाली उतरत थांबला. फाटक, गाडी, शीर, सगळं एकदम गेलं, आणि बाकावरच्या माणसांच्या नुसत्या श्वासांचा एक हॉल उरला.

"पाच मिनिटं बसा, पाच मिनिटं," प्रेमदास अंधारातून म्हणाले. "तांड्यावरून जनरेटर आणाया पायजे होता सर," कुणीतरी म्हणालं. "तांड्यावर जनरेटर असता तं मी इथं मास्तर कशाला झालो असतो?" प्रेमदास म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. मग हळूहळू मिनाला दिसलं. डाव्या खिडकीवरच्या घोंगडीला कुठंतरी एक बारीक भोक होतं, आणि त्यातून समोरच्या भिंतीवर रस्ता आला होता. उलटा. आकाश खाली, रस्ता वर, आणि त्या वरच्या रस्त्यावरून एक सायकल चाकं वर करून पोहत जावी तशी चालली होती. तिच्यामागे शेळ्या. एक बाई डोक्यावर काहीतरी घेऊन, म्हणजे खाली घेऊन, थांबली, वळली, पुसट झाली. दरवर्षी अकरावीच्या वर्गाला मिना हे खडूनं काढून दाखवत असे. वरून आलेला किरण भोकातून खाली जातो, खालचा वर; यात चमत्कार काही नाही. पण रंगही आले होते, बाईच्या लुगड्याचा हिरवा रंग सुद्धा, आणि आवाज मात्र खऱ्या रस्त्यावरून सुलटे येत होते. तिला वाटलं की आपण सगळे कुठल्यातरी मोठ्या डोळ्याच्या आत बसलो आहोत आणि हा डोळा अजून ठरवू शकलेला नाही की आपण काय बघतोय. दादांनीही बघितलं. "ह्यो दुसरा पिक्चर लागला," ते म्हणाले. "ह्याला वाचायची गरज न्हाई."

मग प्रेमदास त्यांच्या शेजारी येऊन बसले. "काका, तुमी त्याला जाऊ नको काहून म्हनले?"

मिनाला वाटलं दादा उत्तर देणार नाहीत. ती गोष्ट त्यांनी घरात कधीच सरळ सांगितली नव्हती. आईच्या टोमण्यांतून ती तुकड्यातुकड्यानं कळत गेली होती. मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य होतं, दादा पंचविशीचे होते, लग्न होऊन दोन पावसाळे झाले होते. नदीपलीकडे, उमरखेडच्या बाजूला, इंग्रजांच्या मुलखात, कॅम्प होता. तिथून निरोप आला की भोपळ्याच्या सांगडीवर पोटावर पडून नदी ओलांडायची, निजामाच्या जकातीच्या, करोडगिरी नाक्यापासून लांबनं शेतात शिरायचं, काम करायचं, पहाटेच्या आत परत. निरोप घेऊन यायचा ग्यानबा. तो बोलायचा कमी, खायचा फार. तो ज्या दिवशी यायचा त्या दिवशी कुणीतरी जायचं, आणि जाणाऱ्याला सगळे मिठी मारायचे, कारण परत येईलच असं नव्हतं. कॅम्पात तेव्हा निरोप येणं आणि निरोप देणं या दोन गोष्टी एकाच संध्याकाळी व्हायच्या. मिनानं हे आत्ता, भिंतीवरच्या उलट्या शेळ्यांकडे बघताना, पहिल्यांदा नीट जोडलं. दादांच्या कानाची चूक नव्हतीच. त्यांनी बरोबरच ऐकलं होतं.

"ॲक्शन झाली," दादा म्हणाले. "निजाम पडला. कॅम्पातली समदी पोरं गुलाल लावून, बैलगाड्या करून, नाचत गेली घरी. मी न्हाई गेलो."

"काहून?"

"मला निरोप आला न्हाई."

प्रेमदासना वाटलं काका गंमत करतात. ते हसायला लागले आणि मध्येच थांबले.

"मी माझ्या मनानं कदीच नदी वलांडली न्हवती, मास्तर. सांगितलं की जायचं, न्हाई सांगितलं तं बसायचं. तसं वळणच पडलं आंगाला. ग्यानबा सांगाया येईल म्हनून बसलो. त्यो तं पैल्या गाडीत बसून बायकोकडं पळाला! भेटला मंग वर्सानं, मला म्हनतो कसा, आरं तातेराव, तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं की." दादा स्वतःच हसले, खोकले, आणि चष्मा पुसू लागले. "हिची माय हिकडं. लोक तिला म्हनायचे, नवऱ्यानं तिकडं दुसरी ठिवली. आन् मी तिकडं मोकळ्या कॅम्पात झाडू मारून राहिलो. रोज. कुनी यायचं आसंल तं घान नको दिसाया."

"मग आलात कसे?" प्रेमदासनी विचारलं.

"कॅम्पाची जागा ज्याची व्हती त्यो जवारी पेराया आला. म्हनला, उठ."

कुणीतरी घोंगडी बाजूला केली. उजेड आत आला तशी भिंत पुन्हा नुसती चुन्याची झाली. लाईन येणार नाही असं कळलं होतं, वारंग्याच्या पुढं कुठंतरी तार तुटली होती. चहा आला. लोक उरलेला सिनेमा आपापल्या मनानं संपवत बाहेर पडू लागले. तो पकडला जातो, तो सुटतो, त्याची बाई त्याला गाठते. प्रेमदास सगळ्यांना सांगत होते की पुढच्या रविवारी शेवट दाखवू. पुढच्या रविवारी मिनाच्या सामानाला दोऱ्या बांधायच्या होत्या.

पोस्टासमोरचा रस्ता आला आणि गेला. दादा जरा पुढं चालत होते, हात पाठीमागे, टोपी अजून हातातच. मिनाला त्यांच्या पाठीकडे बघताना मोकळा कॅम्प दिसत होता, आणि केरसुणीचा आवाज येत होता. किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलं नव्हतं. तिला ते दुःखाचं वाटत नव्हतं, हे तिला भीतिदायक वाटलं. ओळखीचं वाटत होतं. आई गेली तेव्हा ती औरंगाबादहून थोड्या दिवसांसाठी आली होती. राहा असं दादा म्हणाले नव्हते. मुन्ना, तिचा भाऊ, नांदेडला निघून गेला, त्याचं लग्न झालं, मुलं झाली. दोन स्थळं आली आणि चहा पिऊन गेली. जा असंही कुणी म्हणालं नाही. रोज सकाळी अंगण झाडून, प्रयोगशाळेतली भिंगं पुसून, जागच्या जागी ठेवून, ती चांगल्या रीतीनं राहत गेली होती. यायचं असलं कुणी तर घाण नको दिसायला. आणि आतासुद्धा, होकार देऊन झाल्यावर, तिकीट काढून झाल्यावर, दिवाळी, संक्रांत, पोस्टासमोरचा रस्ता असं करत ती ज्याची वाट बघत होती ते सांगण्याचं धैर्य नव्हतंच. ती वाट बघत होती की दादांनी एके दिवशी आपणहून म्हणावं, मिना, जा. ते म्हणणार नव्हते. ज्या माणसाला स्वतःला घरी जा असं कुणी कधी सांगितलं नाही, त्याच्याजवळ दुसऱ्याला द्यायला तो शब्द कुठून असणार. भाजीच्या गाड्यांपाशी उन्हाचा रंग पिकलेल्या हळदीसारखा झाला होता आणि माणसांच्या सावल्या इतक्या लांब पडल्या होत्या की त्या दुसऱ्याच कुणाच्या असाव्यात. तिला क्षणभर वाटलं की आपण त्या भिंतीवरच्या रस्त्यानं चाललो आहोत, आणि कुठल्यातरी अंधाऱ्या हॉलमध्ये बसून आपल्याला कुणी उलटं बघतंय.

घराचं कुलूप काढलं. दादा ओट्यावर बसले, एका पायावर भार ठेवून. ती पाणी घेऊन आली, आणि तांब्या त्यांच्या हातात देण्याआधीच बोलली, नाहीतर पुन्हा संक्रांत झाली असती.

"दादा, मी पुढच्या सोमवारी पुण्याला जातेय. नोकरी घेतलीय. राहायलाच जातेय."

दादांनी तांब्या घेतला. पाणी प्यायले, वरून, न सांडता. "बदली झाली?"

"नाही."

"बोलावलं कुनी?"

बाईंनी शब्द टाकला होता, ते सांगता आलं असतं. ते खरंही होतं. "नाही," ती म्हणाली. "मीच जातेय. माझ्या मनानं."

दादांनी तांब्या खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो अजून थोडा हलतोय. समोरच्या घरी रेडिओ लागला होता. "तू किती तास शिकिवतीस तिथं?" त्यांनी विचारलं. "शिकवायचं नाही. भिंगं तपासायची." "फुटलेली?" "नाही, नवीन. बरोबर दाखवतात का ते बघायचं." "हं," ते म्हणाले. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं. ती वाट बघत राहिली.

"मुन्नाशी बोललेय मी. तो म्हणाला दादांना नांदेडला..."

"मुन्नाकडं मी जानार न्हाई. त्याच्या घरी चप्पल कुठं काढायची तेबी इचारावं लागतं."

"मग इथं कसं? बेबीबाई सकाळच्या येतात. संध्याकाळचं?"

दादा उठले. उठताना नेहमी गुडघ्यावर हात ठेवत, तो ठेवला. आत स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन थांबले. त्या खोलीत ते जेवायला बसत, बाकी तिथलं काही त्यांचं नव्हतं. "हे कसं पेटवायचं ते दाखव," ते म्हणाले.

तिनं दाखवलं. आधी सिलिंडरचं बटण, मग लायटर जवळ न्यायचा, मग शेगडीचं बटण दाबून डावीकडे, आणि लगेच लायटर. लगेच, दादा. उलटं नाही करायचं. त्यांच्या बोटांत लायटर दाबण्याइतका जोर नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, बंदूक धरतात तसा. ज्योत लागली. विझवली. पुन्हा. दुसऱ्यांदा त्यांच्याकडून बटण आधी फिरलं आणि तिचा हात आपोआप पुढं गेला, तसे ते म्हणाले, "तू भाईर हो."

"दादा, मी इथं बाजूला..."

"तू सोमवारी इथं आसनारैस का? भाईर हो. च्या करतो."

ती बाहेर आली. अंगणात, ओट्याच्या खाली, जिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते पण आतलं दिसत नाही तिथं उभी राहिली. आत डबे सरकले. साखरेचा डबा त्यांना सापडला नसणार, तो मागं आहे, तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग लायटरचा टकटक आवाज. थांबला. पुन्हा टक. आणि मग तो वास आला. गॅसला स्वतःचा वास नसतो, हे ती मुलांना सांगत असे. माणसांना कळावं म्हणून त्यात घातलेला असतो तो. फार थोडा पुरतो. हवेत लाखात एक भाग असला तरी नाकाला कळतं. बटण उघडं होतं आणि ज्योत नव्हती. टक. टक. तिचं एक पाऊल ओट्याच्या पायरीवर गेलंही. खिडकी उघडी आहे, तिनं स्वतःला सांगितलं. वारा आहे. वास वाढत होता. आत दादा कुणाला तरी शिवी देत होते, बहुधा ग्यानबाला. तिनं पायरीवरचं पाऊल उचललं आणि परत मातीत ठेवलं, आणि दोन्ही हात पदराखाली एकमेकांत घट्ट धरून, श्वास न घेता, त्या खिडकीकडे बघत राहिली.

आत भप्प झालं. मग काहीच नाही. मग, बऱ्याच वेळानं असं तिला वाटलं, भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि दादांचा, जरा चिडका, नेहमीचा, "किती घालू? एकाचा का दोघांचा?"

"एकाचा," मिना म्हणाली.